लंडन मोठे की पॅरिस? : दोन राजधान्यांच्या तुलनेचा पाठ

भूगोलाच्या तासाला फळ्यावर दोन ओळी लिहिलेल्या असतात. लंडनची लोकसंख्या सुमारे ८८ लाख, पॅरिसची लोकसंख्या सुमारे २१ लाख. विद्यार्थी त्या उतरवून घेतात, पाठ करतात आणि परीक्षेत बिनचूक लिहून गुणही मिळवितात. परंतु त्याच विद्यार्थ्याला, "मग पॅरिस हे लंडनच्या चौथाईएवढेच गाव आहे काय?" असे विचारले, तर तो निःशंकपणे "होय" असे उत्तर देतो. दोन्ही आकडे खरे असूनही त्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा ठरतो. असे का होते, हे समजावून देणे हाच या पाठाचा खरा हेतू होय. तो साधला नाही, तर आकड्यांचे पाठांतर व्यर्थ गेले असे समजावे.

चुकीचे मूळ गणितात नाही, सीमेत आहे. लोकसंख्या म्हणजे अमुक एका रेषेच्या आत राहणाऱ्या माणसांची संख्या. ती रेषा कोठून जाते हे ठाऊक नसेल, तर संख्येला अर्थ राहात नाही. खेड्यातील शिक्षकाला हे नवीन नाही. गावठाणात किती माणसे आहेत हा एक प्रश्न आणि वाड्यावस्त्या धरून गावात किती माणसे आहेत हा दुसरा प्रश्न. दोन्हींची उत्तरे वेगळी येतात आणि दोन्ही बरोबर असतात. लंडन व पॅरिस यांच्या बाबतीत नेमके हेच घडलेले आहे.

पॅरिसची शीव

पॅरिस हे सीन नदीच्या काठचे जुने शहर. शत्रूपासून रक्षण करण्यासाठी त्याच्याभोवती वेळोवेळी तट बांधण्यात आले आणि शहर वाढले की नवा तट जुन्याच्या बाहेर उभा राहिला. यांपैकी शेवटचा मोठा तट १८४१ ते १८४४ या काळात बांधला गेला. त्या वेळी पॅरिसची शासकीय सीमा या तटाच्या बरीच आत होती. तिसऱ्या नेपोलियनच्या कारकिर्दीत, १ जानेवारी १८६० पासून, ही सीमा तटापर्यंत नेण्यात आली. मधल्या पट्ट्यातील गावे शहरात सामील झाली आणि शहराचे १२ विभाग होते ते २० झाले. आजही पॅरिसचे २० विभागच आहेत.

१९१९ पासून हा तट पाडण्यास आरंभ झाला. तटाची मोकळी झालेली जमीन आणि शहराच्या पूर्वेकडील व पश्चिमेकडील दोन मोठी उपवने पुढील दहा वर्षांत शहरात घेण्यात आली. तेव्हापासून पॅरिसची सीमा जवळजवळ आहे तशीच आहे. तटाच्या जागेलगत आता शहराला वेढा घालणारा सुमारे ३५ किलोमीटर लांबीचा मोठा रस्ता असून तो १९७३ मध्ये पूर्ण झाला. या सीमेतील एकूण क्षेत्र सुमारे १०५ चौरस किलोमीटर भरते.

तट गेला, तरी शीव तेथेच राहिली. शहर मात्र तेथे थांबले नाही. घरे, कारखाने, शाळा, आगगाड्यांची स्थानके रेषेपलीकडे पसरत गेली. रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशाला पॅरिस कोठे संपले हे पाटी वाचल्याशिवाय कळणार नाही. कचेऱ्यांच्या उंच इमारतींसाठी प्रसिद्ध असलेला ला देफान्स हा भाग पॅरिसच्या सीमेबाहेर आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील धावण्याच्या व उड्यांच्या स्पर्धा ज्या क्रीडागारात झाल्या, तेही शेजारच्या सें-दनी या स्वतंत्र नगरात आहे. चार्ल्स द गोल हा मोठा विमानतळही शहराबाहेर आहे. जग या सर्वांना पॅरिसच म्हणते, पण पॅरिसच्या २१ लाखांत तेथील रहिवासी धरलेले नाहीत.

लंडनची शीव

लंडनचा इतिहास नेमका उलट आहे. थेम्स नदीच्या काठी रोमन लोकांनी वसविलेले मूळ लंडन आजही 'सिटी ऑफ लंडन' या नावाने स्वतंत्र कारभार चालविते. त्याचे क्षेत्र अवघे २.९ चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे एक चौरस मैल आहे. २०२१ च्या जनगणनेत तेथे राहणारी माणसे सुमारे ८,६०० भरली. महाराष्ट्रातील एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढीच ही वस्ती झाली! ब्रिटनची पार्लमेंट आणि राजवाडा हे या 'सिटी'च्या बाहेर, वेस्टमिन्स्टर भागात आहेत. म्हणजे 'लंडन' या शब्दाचा अगदी जुना व काटेकोर अर्थ धरला, तर लंडन हे पॅरिसपुढे खेडेच ठरेल.

परंतु लंडनच्या कारभाराची सीमा शहराच्या वाढीबरोबर पुढे सरकत गेली. १८८९ मध्ये सुमारे ३०० चौरस किलोमीटरचा लंडन परगणा निर्माण झाला. पुढे आगगाडीच्या सोयीमुळे लोक दूरदूर राहावयास गेले आणि हा परगणाही अपुरा पडला. १९६३ च्या कायद्यानुसार १ एप्रिल १९६५ पासून 'बृहद् लंडन' अस्तित्वात आले. मिडलसेक्स परगण्याचा बहुतेक सर्व भाग आणि सरे, केंट, एसेक्स या परगण्यांचे लंडनलगतचे भाग त्यात घालण्यात आले. ३२ उपनगरे अथवा 'बरो' आणि जुनी 'सिटी' मिळून होणाऱ्या या बृहद् लंडनचे क्षेत्र १,५७२ चौरस किलोमीटर आहे. हीथ्रो विमानतळदेखील याच सीमेत येतो.

१९६१ च्या जनगणनेत जुन्या लंडन परगण्याची लोकसंख्या सुमारे ३२ लाख होती. पुढे जो भाग बृहद् लंडन म्हणून ठरला, त्याची त्याच वर्षाची लोकसंख्या सुमारे ८० लाख भरते. म्हणजे सीमा बदलताच 'लंडन' अडीचपट झाले. त्यासाठी एकही मूल अधिक जन्मले नाही की एकही कुटुंब नव्याने राहावयास आले नाही. नकाशावरील रेषा तेवढी हलली. वर्गात हे उदाहरण अवश्य सांगावे. मुले क्षणभर चकित होतात आणि मग त्यांना मर्म कळते.

याच सुमारास पॅरिसकडे काय चालले होते, हेही पाहण्यासारखे आहे. तेथे पॅरिस आणि भोवतालची नगरे मिळून 'सेन' नावाचा एक जिल्हा होता. १९६८ च्या आरंभी तो मोडण्यात आला. पॅरिस हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि त्याच्याभोवती तीन नवे जिल्हे तयार करण्यात आले. लंडनने शेजाऱ्यांना आत घेतले, पॅरिसचे शेजारी वेगळे राहिले. दोन्ही राष्ट्रांनी आपापल्या सोयीने कारभार लावला. त्यात एकाचे बरोबर आणि दुसऱ्याचे चूक असे काही नाही. मात्र त्यामुळे दोन शहरांची नावे एका ओळीत लिहून त्यांपुढे आकडे मांडणे धोक्याचे झाले.

घनतेचे गणित

आता फळ्यावर पुढील कोष्टक मांडावे. लंडनचे आकडे २०२१ च्या जनगणनेचे आहेत. पॅरिसचे आकडेही २०२१ चेच आहेत. तथापि फ्रान्समध्ये २००४ पासून मोजणीची रीत निराळी आहे. मोठ्या नगरांत दरवर्षी सुमारे ८ टक्के घरांची पाहणी करतात आणि पाच वर्षांच्या पाहणीवरून आकडा ठरवितात.

बृहद् लंडन : क्षेत्र १,५७२ चौ. किमी, लोकसंख्या सुमारे ८८ लाख, दर चौ. किमी.स सुमारे ५,६००.
पॅरिस शहर : क्षेत्र १०५ चौ. किमी, लोकसंख्या सुमारे २१ लाख ३३ हजार, दर चौ. किमी.स सुमारे २०,२००.

क्षेत्राने लंडन पॅरिसच्या सुमारे पंधरापट आहे, लोकसंख्येने मात्र चौपटच आहे. यावरून पॅरिसमधील दाटी लंडनच्या साडेतीनपटीहून अधिक आहे, असे उत्तर येते. विद्यार्थ्यांनी भागाकार स्वतः करावा. शिक्षकांनी तयार उत्तर सांगू नये.

उत्तर आल्यावर लगेच पुढचा प्रश्न विचारावा : पॅरिसमध्ये एवढी माणसे मावतात कशी? याचे उत्तर घरांच्या बांधणीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिसऱ्या नेपोलियनचा अधिकारी ओसमान याने जुन्या गल्ल्या पाडून रुंद रस्ते काढले. त्यांच्या दुतर्फा पाच-सहा मजल्यांच्या, एकमेकींस भिडलेल्या इमारती उभ्या राहिल्या. खाली दुकाने आणि वरच्या प्रत्येक मजल्यावर कुटुंबे, अशी ही रचना आहे. लंडनमध्ये याउलट दोन-तीन मजली घरांच्या लांबच लांब ओळी आढळतात. प्रत्येक घर बहुधा एका कुटुंबाचे आणि मागे लहानशी बाग. शिवाय लंडनच्या सीमेत मोठमोठी उद्याने आहेत. एकट्या रिचमंड पार्कचे क्षेत्र साडेनऊ चौरस किलोमीटर आहे. सीमेच्या कडेला शेते व कुरणेही आहेत. शहराने भोवतालची हिरवी जमीन गिळू नये म्हणून तेथे 'हरित पट्टा' राखून ठेवलेला आहे. त्यासाठी १९३८ मध्ये कायदा झाला आणि १९४७ च्या नगररचना कायद्याने त्याला बळकटी आली.

येथे सरासरी या शब्दाचा अर्थही स्पष्ट करावा. पॅरिसच्या १०५ चौरस किलोमीटरांत दोन उपवनांचे सुमारे १८ चौरस किलोमीटर आहेत. तेथे कोणी राहात नाही म्हटले तरी चालेल. ते वगळल्यास उरलेल्या ८७ चौरस किलोमीटरांत घनता सुमारे २४,५०० होते. लंडनमधील सर्वांत दाट वस्तीचा बरो म्हणजे टॉवर हॅम्लेट्स. तेथील घनता २०२१ मध्ये सुमारे १५,७०० होती. सबंध लंडनच्या सरासरीच्या ती जवळजवळ तिप्पट आहे, तरी पॅरिसच्या सरासरीहून कमीच. सरासरीखाली किती उंचवटे आणि खळगे झाकले जातात, हे यावरून दिसते.

सारख्याची तुलना सारख्याशी

मग खरी तुलना कशी करावयाची? नियम सोपा आहे : सारख्या तऱ्हेने आखलेल्या क्षेत्रांचीच तुलना करावी. पॅरिस शहर आणि त्याला लागून असलेले तीन जिल्हे एकत्र घेतले, तर क्षेत्र ७६२ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सुमारे ६८ लाख होते. हे क्षेत्र बृहद् लंडनच्या निम्म्याहून कमी आहे, तरी लोकसंख्या त्याच्या तीन-चतुर्थांशाहून अधिक आहे. 'चौथाईएवढे गाव' हा समज येथेच कोसळतो.

उलट बाजूनेही पाहता येते. लंडनचा केवळ आतील भाग, ज्याला 'इनर लंडन' म्हणतात, तो घेतला तर क्षेत्र ३१९ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या सुमारे ३४ लाख. घनता सुमारे १०,७००. बाहेरची उपनगरे वगळताच लंडनची घनता जवळजवळ दुप्पट झाली.

तिसरी रीत म्हणजे शासकीय सीमा बाजूस ठेवून घरे जेथवर सलग आहेत तेथवर शहर धरणे. या रीतीने २०११ मध्ये लंडनची सलग वस्ती सुमारे १,७४० चौरस किलोमीटर आणि ९८ लाख माणसे इतकी भरली. पॅरिसची सलग वस्ती अलीकडच्या मोजणीत सुमारे २,८०० चौरस किलोमीटर आणि १ कोटी ८ लाख माणसे इतकी भरते. दोन्हींचे नियम व वर्षे तंतोतंत एक नाहीत, म्हणून लाख-दोन लाखांच्या फरकावर भर देऊ नये. पण मुख्य गोष्ट स्पष्ट आहे. लंडन व पॅरिस ही जवळजवळ बरोबरीची दोन महानगरे आहेत. फळ्यावरील पहिल्या दोन ओळींवरून हे कधीच कळले नसते.

अतिव्याप्तीचाही दोष टाळावा. पॅरिस ज्या प्रांतात आहे त्या सबंध ईल-द-फ्रान्स प्रांताची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास आहे आणि काही ठिकाणी तीच पॅरिसची म्हणून छापलेली आढळते. परंतु प्रांताचे क्षेत्र सुमारे १२,००० चौरस किलोमीटर असून त्यात गव्हाची विस्तीर्ण शेते आणि अरण्ये आहेत. शेते मोजून शहर मोठे होत नाही.

वाढ आणि घट

सीमा स्थिर असली, तर मागील व आजच्या आकड्यांची तुलना निर्धास्तपणे करता येते. पॅरिस शहराची लोकसंख्या १९२१ मध्ये सर्वाधिक, म्हणजे सुमारे २९ लाख होती. शंभर वर्षांनी ती २१ लाखांवर आली. म्हणून पॅरिस ओसाड पडत आहे असे मात्र नव्हे. पूर्वी एका खोलीत जितकी माणसे राहात तितकी आता राहात नाहीत, कुटुंबे लहान झाली, कित्येक घरांच्या जागी कचेऱ्या आल्या आणि अनेक कुटुंबे सीमेपलीकडील नगरांत गेली. शहर मावळले नाही, रेषेबाहेर सांडले.

लंडनची कथा थोडी वेगळी आहे. आजच्या बृहद् लंडनच्या क्षेत्रात १९३९ मध्ये सुमारे ८६ लाख लोक होते. महायुद्धातील बाँबवर्षाव, नंतर शहराबाहेर वसविलेली नवी नगरे आणि बंद पडलेल्या गोद्या व कारखाने यांमुळे ही संख्या १९८० नंतरच्या दशकात ६८ लाखांच्या आसपास उतरली. पुढे ती पुन्हा वाढू लागली आणि २०१५ च्या सुमारास तिने १९३९ चा उच्चांक ओलांडला.

दिवसाची आणि रात्रीची माणसे हाही भेद सांगावा. जनगणना राहणाऱ्यांना मोजते, कामास येणाऱ्यांना नव्हे. ८,६०० रहिवाशांच्या 'सिटी'त पेढ्या व विमा कंपन्या यांच्या कचेऱ्यांत रोज लक्षावधी माणसे कामास येतात आणि संध्याकाळी परततात. आठवडे-बाजाराच्या दिवशी गजबजलेले गाव आणि दुसऱ्या दिवशीचे शांत गाव हे मुलांच्या परिचयाचे उदाहरण येथे द्यावे.

वर्गात करावयाचे काम

हा पाठ चिंचोक्यांच्या साहाय्याने उत्तम शिकविता येतो. जमिनीवर खडूने सारख्या आकाराचे चौकोन आखावेत. एक चौकोन म्हणजे १०० चौरस किलोमीटर आणि एक चिंचोका म्हणजे एक लाख माणसे. पॅरिसला एकच चौकोन मिळेल व त्यात २१ चिंचोके ठेवावे लागतील. लंडनला १६ चौकोन मिळतील आणि ८८ चिंचोके वाटून दिले तर प्रत्येकात पाच-सहाच येतील. दाटी म्हणजे काय, हे मुलांच्या डोळ्यांना दिसते. व्याख्या नंतर सांगितली तरी चालेल.

त्यानंतर शेजारी मुंबई आखावी. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबई शहर व मुंबई उपनगर हे दोन जिल्हे मिळून क्षेत्र ६०३ चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या १ कोटी २४ लाख. सहा चौकोन आणि १२४ चिंचोके. प्रत्येक चौकोनात वीस-एकवीस येतात, म्हणजे पॅरिसएवढेच! मुंबईची सीमाही १९५० व १९५७ मध्ये उत्तरेकडे वाढविण्यात आली, हे सांगण्यास विसरू नये. मग विचारावे, "तर मुंबईत व पॅरिसमध्ये माणसे सारख्याच दाटीने राहतात काय?" मुंबईच्या सहा चौकोनांत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा मोठा भाग, खाड्या आणि मिठागरे आहेत. ती जागा खडूने रेघाटून तेथील चिंचोके उरलेल्या जागेत सरकवावेत. दाटी किती वाढते हे मुले स्वतःच बोलून दाखवतील.

शेवटी गावाचा नकाशा काढवून घ्यावा. गावठाण, वाड्या, पाडे, मळ्यातील वस्त्या यांच्या जागा मुलांनी दाखवाव्यात. 'आपले गाव केवढे?' या प्रश्नाची प्रथम केवळ गावठाण धरून आणि नंतर सर्व वस्त्या धरून, अशी दोन उत्तरे काढवावीत. दोन उत्तरांतील फरक म्हणजे कोणाची घरे, हे प्रत्येक वेळी विचारावे. तो प्रश्न ऐकून ओढ्यापलीकडच्या वस्तीवरील मुलगा मान वर करील.

कारण हा विषय दूरच्या राजधान्यांपुरता नाही. जनगणनेचे काम आले की प्रगणक म्हणून बहुधा प्राथमिक शिक्षकच घरोघर जातो. त्याच्या हाती प्रथम गटाची सीमा देतात, तो नजरी नकाशा तयार करतो आणि मगच माणसे मोजू लागतो. आधी शीव, मग शिरगणती, असा हा क्रम आहे. शीव आखताना एखादी वस्ती सुटली, तर तेथील माणसे कागदावर नसल्यासारखीच होतात. मग तिच्या वाट्याची विहीर, रस्ता आणि शाळेची खोली हिशेबात कोठून येणार? पॅरिसच्या शिवेबाहेरच्या लोकांची नोंद निदान शेजारच्या नगरात होते, सुटलेल्या वस्तीची नोंद कोठेच होत नाही.

म्हणून लंडन मोठे की पॅरिस, या प्रश्नाला विद्यार्थ्याने तत्काळ उत्तर दिले नाही तरी शिक्षकांनी खंत मानू नये. "गुरुजी, शीव कोठवर धरायची?" असे त्याने उलट विचारले, तर पाठ सफल झाला असे खुशाल समजावे.